जुन्या प्लँटचे कानमंत्र

पोरी, तुला मिळालेला प्लँट तुझ्या आईच्या वयाचा आहे, हे आधी लक्षात घे. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहू लागले, नोसिलचा नॅफ्था क्रॅकर १९६८ मध्ये सुरू झाला आणि सिडको आली १९७० मध्ये. म्हणजे या पट्ट्यातले पहिले कारखाने नवी मुंबईच्या आधीचे. तेव्हा कुंपणापलीकडे भातशेती आणि मिठागरं होती. आज तिथे घणसोली-कोपरखैरण्याचे सेक्टर आहेत, शाळा आहेत, लोकलची स्टेशनं आहेत. लाइन जुनी होत गेली आणि तिच्या शेजारची वस्ती वाढत गेली. आपल्या कामाची जोखीम दोन्ही बाजूंनी वाढली ती अशी.

कोड आणि गणितं तुला माझ्यापेक्षा चांगली येतात. मी सांगणार आहे ते एवढंच, की जुन्या प्लँटमध्ये आधी कुठे बघायचं आणि कशावर विश्वास टाकायचा नाही.

पहिला महिना नुसती चाल

ड्रॉइंगची प्रत काखेत मार आणि टाकीच्या नोझलपासून शेवटच्या व्हॉल्वपर्यंत एकेक लाइन पायी फिर. सोबत त्या सेक्शनचा सगळ्यात जुना फिटर घे. त्याला दादा म्हण. हुद्द्याने तो तुझ्या हाताखाली असेल, पण त्या लाइनपाशी तो तुझा सीनियर आहे. ड्रॉइंगमध्ये आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण ड्रॉइंगमध्ये नाही, अशा सगळ्या जागा लाल पेनाने खुणाव.

इतक्या वर्षांत प्लँटमधला मालसुद्धा बदललेला असतो. दर वेळी कुणीतरी जुनी लाइन मध्येच कापून, ब्लाइंड मारून सोडून दिलेली असते. त्या न वाहणाऱ्या तुकड्याला डेड लेग म्हणतात. त्यात पाणी साचतं, गाळ बसतो, आणि वाहत्या लाइनच्या आधी तो सडतो. वाहत्या लाइनचा दाब, तापमान पॅनेलवर दिसतं. डेड लेगचं काहीच दिसत नाही. असा तुकडा सापडला की काढून टाकायचा प्रस्ताव दे. काढता येत नसेल तर तपासणीच्या यादीत पहिला क्रमांक त्याचा.

चकचकीत लॅगिंगवर भुलू नकोस

आपल्याकडे खाडीचा वारा वर्षभर मीठ आणतो आणि पाऊस चार महिने ते आत मुरवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या क्लॅडिंगला एक फट पुरते. पाणी आत गेलं की ग्लासवूल किंवा रॉकवूल ते धरून ठेवतं, आणि पाइपाला ओलं गोणपाट गुंडाळल्यासारखी अवस्था होते. साध्या लोखंडी लाइनला हा धोका साधारण उणे १२ पासून १७५ अंश सेल्सिअसपर्यंत. कायम खूप गरम असणारी लाइन स्वतःला वाळवून घेते. सगळ्यात जास्त खाल्ली जाते ती कोमट लाइन, आणि बॅचप्रमाणे गरम-गार होणारी.

स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ३०४ आणि ३१६ या जातींना साठ अंशांच्या वर मिठातल्या क्लोराइडमुळे केसासारखे तडे जातात. भिंत पूर्ण जाडीची असते आणि तरी फाटते. जाडी मोजून हे कळत नाही, डाय पेनिट्रंट लावावं लागतं.

सगळं लॅगिंग कधीच उघडता येत नाही, तेव्हा जागा निवड. क्लॅडिंगमधून काही बाहेर आलेलं असेल ती जागा: थर्मोवेल, गेजचं टॅपिंग, व्हेंट, ड्रेन, सपोर्टचा क्लिट. उभ्या लाइनचा तळ. कुणी पाय देऊन चेपवलेला पत्रा. सीलंट वाळून सुटलेला जोड. आडव्या पाइपाची खालची बाजू. पत्र्याच्या सांध्यातून तपकिरी ओघळ दिसला तर ती जागा आधी.

दोन गोष्टी मात्र कडक पाळ. चालू लाइनवर गंजाचा जाड पापुद्रा दिसला तर तो खरवडू नकोस, हातोडीने ठोकू नकोस. कधीकधी लाइन त्या पापुद्र्यावरच धरून असते. दाब काढ, मग हात लाव. दुसरी गोष्ट, जुन्या लाइनवरचं पांढरट, धाग्याधाग्याचं लॅगिंग अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. नमुना तपासल्याशिवाय ते कुणालाही फोडू देऊ नकोस.

पाइप टेकतो तिथे आणि निपलपाशी वाक

पाइपरॅकवर चालताना सगळे वरून बघतात. तू खालून बघ. पाइप जिथे अँगलवर टेकतो तिथे रंग घासून गेलेला असतो, पाणी अडकलेलं असतं, आणि ब्रश पोचत नाही. शटडाऊनमध्ये चेन पुलीने पाइप बोटभर उचलून घे, म्हणजे खरं चित्र दिसेल. परत ठेवताना खाली वेअर पॅड दे.

मोठी लाइन सहसा एकदम फुटत नाही. तुटतं ते तिच्या अंगावरचं अर्धा इंची निपल. पंपाच्या डिस्चार्जवर थरथरणारं, आटे पाडलेलं, त्यावर जड गेज आणि व्हॉल्व. त्याला दोन दिशांनी आधार दे. त्यावर कुणी पाय देताना किंवा चेन पुली अडकवताना दिसला तर काम तिथल्या तिथे थांबव.

जाडीचा आकडा तारखेशिवाय कुचकामी

सहा इंची शेड्यूल ४० पाइपाची भिंत नवी असताना ७.१ मिलिमीटर असते. समज, दहा वर्षांनी ती ५.१ भरली. म्हणजे वर्षाला ०.२ गेली. डिझाइनप्रमाणे किमान ३.१ हवी असेल, तर हातात २ मिलिमीटर उरले, म्हणजे दहा वर्षं. पण दहा वर्षांनी बघायला जायचं नाही. उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या वेळात, म्हणजे पाच वर्षांच्या आत पुन्हा मोजायचं. अर्थात गेल्या दहा वर्षांत माल, तापमान, वेग यातलं काही बदललं असेल तर हे गणित मोडीत काढ आणि लवकर मोज.

बिंदू तोच हवा. पाइपावर रंगाची खूण, वहीत रेखाचित्र, सोबत फोटो. एल्बोची बाहेरची बाजू, कंट्रोल व्हॉल्वच्या पुढचा तुकडा आणि एका लाइनमध्ये दुसरं रसायन सोडलं जातं ती जागा, या तिन्हींना सरळ पाइपापेक्षा जास्त बिंदू दे.

आकडे आले की आधी त्यांच्यावर संशय घे. गरम लाइनवर मीटर जाडी जास्त दाखवतो, दर पंचावन्न अंशांना साधारण एक टक्का. रंगाचा थरही आकडा फुगवतो. या वर्षीची भिंत मागच्यापेक्षा जाड निघाली तर खूश होऊ नकोस. पाइपाची भिंत वाढत नसते, दोनपैकी एक नोंद चुकीची आहे. आणि वीस बिंदूंचा आकडा दशांशापर्यंत सारखा असेल तर ते कँटीनमध्ये बसून लिहिलेत असं समज.

व्हॉल्व बंद म्हणजे लाइन बंद नव्हे

जुन्या गेट व्हॉल्वची सीट घासलेली असते. हँडल घट्ट, आणि आतून माल येतोच आहे. माणूस आत जाणार असेल, गॅस कटिंग होणार असेल किंवा लाइन रात्रभर उघडी राहणार असेल, तर ब्लाइंड टाकल्याशिवाय परमिटवर सही करू नकोस. प्रत्येक ब्लाइंडला नंबर, टॅग आणि यादीत नोंद: कुणी टाकला, कधी, कुणी काढला. काम संपल्यावर आत विसरलेला ब्लाइंडही तितकाच घातक.

ड्रेन उघडला आणि काही आलं नाही, म्हणून लाइन रिकामी आहे असं धरू नकोस. जुने ड्रेन गाळाने चोक झालेले असतात. फ्लँज उघडताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहा, तोंड बाजूला. आधी पलीकडचे, आपल्यापासून लांबचे नट सैल कर. जवळचे घट्ट राहू देत, म्हणजे आत काही असलंच तर ते पलीकडे उडेल. फ्लँज जरा फाकवून वाट बघ. दाब नाही, माल नाही, अशी खात्री पटल्यावरच बोल्ट काढायचे. स्वतःचं कुलूप स्वतः लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव.

फ्लँज जोडताना घाई नको

वापरलेलं गॅस्केट परत लावायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. फ्लँजच्या तोंडावर मधून कडेपर्यंत जाणारी आडवी रेघ असेल तर नवं गॅस्केटही गळेल. नट समोरासमोर, क्रॉस पद्धतीने आवळ: पहिल्या फेरीत तीस टक्के, दुसरीत सत्तर, तिसरीत पूर्ण, आणि शेवटी ओळीने एक फेरी. स्टडच्या टोकावर बी-७ चा शिक्का बघ. जुन्या फ्लँजवर आठपैकी दोन बोल्ट बाजारातले साधे निघतात, कारण त्या रात्री स्टोअर बंद होतं. दोन फ्लँज जुळत नसतील तर चेन पुलीने ओढून बोल्ट घालू नकोस. तो ताण कुठल्या तरी पंपाच्या नोझलवर किंवा वेल्डवर जाऊन बसतो. लाइन कापून नीट कर.

मालाचा स्वभाव ओळख

संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिड, ९८ टक्क्यांचं, साध्या लोखंडी लाइनमधून चालतं. लोखंडावर फेरस सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच भिंत वाचवतो. वेग सेकंदाला मीटरभराच्या वर गेला की थर धुऊन जातो, एल्बो आधी जाते. त्याहून मोठी फसवणूक पाणी करतं. पावसाळ्यात अर्धवट रिकामी लाइन रात्रभर उघडी राहिली की उरलेलं अ‍ॅसिड हवेतला ओलावा ओढतं, पातळ होतं, लोखंड खातं आणि हायड्रोजन सोडतं. सकाळी गॅस कटर लावला की स्फोट. म्हणून अ‍ॅसिडच्या टाकीवर किंवा लाइनवर आग न्यायच्या आधी गॅस टेस्ट, आणि बंद कोपरे उघडून बघणं आलंच.

कॉस्टिकचं उलट. थंड असताना गरीब, तापलं की लोखंडाला वेल्डपाशी तडे देतं. त्याच्या लाइनवर स्टीम ट्रेसिंग जास्त गरम होत नाही ना, ते बघ. कोरडा क्लोरीन लोखंडात चालतो, ओला क्लोरीन लोखंड फस्त करतो. टायटॅनियमचं बरोबर उलटं: ओल्या क्लोरीनमध्ये उत्तम, कोरड्यात पेट घेतं. तेव्हा 'चांगला धातू' असं काही नसतं. स्टोअरमध्ये मागचा पाइप मिळाला नाही म्हणून 'त्याहून भारी' टाकायचा सल्ला कुणी दिला, तर आधी मालाचा कागद काढ.

स्टीमला वेळ दे

गार लाइनमध्ये पाणी असतं. व्हॉल्व एकदम उघडला की स्टीम ते पाणी गोळ्यासारखं फेकते आणि पाइपरॅक हादरतो. आधी ड्रेन उघड, बायपासने लाइन तापव, कोरडी स्टीम येऊ दे, मगच मोठा व्हॉल्व. ट्रॅप महिन्यातून एकदा तपास. बंद पडलेला ट्रॅप पाणी साठवतो, उघडा राहिलेला पैसे उडवतो. आयबीआर लाइनला बॉयलर खात्याच्या मंजुरीशिवाय एक टाकाही लावू द्यायचा नाही.

टाकीत उतरण्याआधी

ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. माणूस दोन श्वासांत खाली बसतो. नुसती गंजलेली टाकी बंद राहिली तरी गंजच आतला ऑक्सिजन पिऊन टाकतो, तेव्हा 'आत काही नव्हतंच' हे कारण ऐकू नकोस. आत नेण्याच्या दिव्याला कारखाने कायद्याने २४ व्होल्टची मर्यादा घातली ती उगाच नाही. तोंडाशी उभा असलेला माणूस काहीही झालं तरी आत उडी मारणार नाही, हे त्याच्याकडून वदवून घे. अशा अपघातात वाचवायला गेलेलेही मरतात.

'टेम्पररी'ला तारीख लिही

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. सहा रिॲक्टर ओळीत. १९७४ मध्ये पाचव्याला तडा गेला. त्याला काढून चौथ्या आणि सहाव्याच्या मध्ये वीस इंची वाकडा पाइप टाकला, दोन्ही टोकांना बेलोज. त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं होतं. कारखान्याच्या मुख्य इंजिनिअरची जागा रिकामी होती, ताणाचं गणित कुणी केलं नाही. एक एप्रिलपासून लाइन चालली आणि १ जूनला सुटली. २८ माणसं गेली, आणि शनिवार होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आपल्याकडे क्लॅम्प, पॅच, रबराची पट्टी, होज असं बरंच काही दिवाळीपर्यंतचं म्हणून लागतं आणि पुढच्या दिवाळीलाही तिथेच असतं. गळती थांबवायला क्लॅम्प लागतोच, त्याला ना नाही. पण तीन गोष्टी त्यावर हव्यात: टॅगवर लावल्याची तारीख, काढायची तारीख, आणि ज्याने गणित तपासलं त्याचं नाव. अशा सगळ्या जागांची एकच यादी ठेव. ४ मार्चला सुरक्षा दिनाच्या घोषणांशेजारी ती यादी भिंतीवर लाव. साहेब ती वाचतील आणि पुढच्या शटडाऊनचं बजेट मागणं सोपं जाईल.

राखणदार यंत्रं आधी दुरुस्त कर

भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायुगळतीच्या रात्री टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंदच होतं, काही महिन्यांपासून. फ्लेअरकडे जाणारी लाइन गंजलेला तुकडा बदलायचा म्हणून सुटी केलेली होती. पाणी टाकीत कसं शिरलं यावर वाद झाले; राखणदार जागेवर नव्हते यावर नाही. रिलीफ व्हॉल्व, स्क्रबर, फ्लेअर, फायर वॉटर हे रोज माल काढत नाहीत, म्हणून त्यांचं काम पुढे ढकललं जातं. यांच्यातलं एक जरी काढलेलं असेल तर त्याच्या भरवशावर चालणारा भाग बंद ठेव, किंवा त्याच्याइतकीच ताकद असलेली दुसरी सोय कर.

टेस्ट पाण्याने

दुरुस्तीनंतर डिझाइन दाबाच्या दीडपट पाण्याने टेस्ट, निदान दहा मिनिटं धरून. सगळ्यात उंच जागेचा व्हेंट उघडून हवा काढून टाक. हवेने टेस्ट करायची घाई कुणाला झाली तर त्याला सांग, दाबलेल्या हवेत साठलेली शक्ती पाण्याच्या कितीतरी पट असते, वेल्ड सुटला तर तुकडे उडतात. स्टेनलेसच्या लाइनला खारट बोअरचं पाणी नको. टेस्ट झाली की लगेच रिकामी कर आणि वाळव.

जूनच्या आत आणि दिवाळीनंतर

मे महिन्यात क्लॅडिंगचं सीलंट, पाइपरॅकची गटारं आणि डाइकचे ड्रेन व्हॉल्व आटोप. पावसाळ्यात वेल्डिंग करावंच लागलं तर ७०१८ चे रॉड ओव्हनमध्ये भाजून, गरम डब्यातच जागेवर ने. दमट रॉडमधला हायड्रोजन वेल्डला दुसऱ्या दिवशी तडा देतो. उघड्यावरचा रंग मात्र थंडीसाठी राखून ठेव. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. जुलैत हे जमत नाही. ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने धू, नाहीतर खाडीचं मीठ रंगाखालीच राहतं आणि दोन वर्षांत फोड येतात.

शिफ्ट बदलताना तोंडाने आणि कागदाने

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीला काढला आणि तिथे ब्लाइंड फ्लँज लावून ठेवला. त्याचं परमिट रातपाळीच्या हाती आलं नाही. दुसरा पंप बंद पडला, त्यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. काम अर्धं टाकून घरी जाताना दहा मिनिटं जास्त थांब. पुढच्या माणसाला जागेवर नेऊन दाखव, परमिट एकमेकांशेजारी लाव, लॉगबुकात 'काम चालू' एवढंच लिहू नकोस. काय उघडं आहे, काय बंद आहे, काय सुरू करायचं नाही, हे लिही.

निवृत्त होणाऱ्या दादाची शेवटची वर्षं

या सगळ्याला पुरून उरणारी अडचण एकच. लाइन कुठे, कशाची, कधी बदलली हे जुन्या प्लँटमध्ये कागदापेक्षा माणसांना जास्त माहीत असतं, आणि ती माणसं वर्षाला दोन-तीन करून घरी जातात. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, त्यांच्या डोक्यातलं ड्रॉइंग कुणी मागत नाही.

तू माग. पुढच्या दोन वर्षांत कोण निवृत्त होणार आहे त्याची यादी एचआरकडून घे. आठवड्यातून एक सकाळ त्यातल्या एकासोबत लावून घे. जमिनीखालची लाइन कुठून वळते, कुठला व्हॉल्व उलटा बसवलाय, कुठल्या फ्लँजला कायम जास्त जाडीचं गॅस्केट लागतं आणि का, हे विचारत जा. ऐकलेलं त्याच दिवशी ड्रॉइंगवर उतरव, खाली त्यांचं नाव आणि तारीख लिही, आणि ते ड्रॉइंग ऑफिसकडून रीतसर बदलून घे. तुझ्या वहीत राहिलेली माहिती तुझ्या बदलीबरोबर जाईल. सुरुवात त्या लाइनपासून कर जिचा नंबर विचारल्यावर तिघे तीन उत्तरं देतात.